राजांचं प्रगतिपुस्तक: रहबाम, यहोयाकीम, अहाब आणि माझी एक सही

हेडफोन लावलेत? बसमध्ये उभे असाल तर आधी काहीतरी धरा, मग ऐका. आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी: एपिसोडचा मजकूर थोडा साफ करून इथे टाकतोय. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत. सगळे नाही, कारण मग तो मी वाटणार नाही.

तर आजचा विषय सुरू झाला एका ताटापासून. माझ्या कॉलेजच्या रूममेटने ठाण्यात फ्लॅट घेतला आणि घरी मलिदा ठेवला. तो बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी त्यांचा तेलाच्या घाण्याचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. मलिदा म्हणजे पोहे, गूळ, खोबरं आणि फळं असं ताट मांडून प्रार्थना करायची आणि मग सगळ्यांनी प्रसादासारखं खायचं. त्या प्रार्थनेत एक नाव सारखं येत होतं: एलियाहू हनाबी. मराठी बायबलमध्ये त्यालाच एलीया संदेष्टा म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे, त्यावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे.

मी रूममेटच्या आजीला विचारलं, “आजी, या एलियाहूने नेमकं केलं काय?”

आजी म्हणाल्या, “बरंच केलं. पण तू ऑफिसवाला, तुला सही-शिक्क्याची गोष्ट सांगते.”

ती गोष्ट ऐकताना माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. का, ते शेवटी सांगतो. आधी तीन राजांना भेटू. तिघेही पुस्तकाच्या भाषेत ‘देवाला सोडलेले’ राजे.

आधी पुस्तक समजून घ्या

हिब्रू बायबलमध्ये ‘राजे’ नावाचे दोन ग्रंथ आहेत. शलमोनाच्या मृत्यूनंतर, साधारण इ.स.पू. ९३० च्या सुमारास, त्याच्या राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. पुढची साडेतीनशे वर्षं एकामागून एक राजे येतात आणि प्रत्येकाला ग्रंथ एक शेरा देतो: देवाच्या दृष्टीने बरं केलं, किंवा वाईट केलं. अगदी प्रगतिपुस्तक. यहूदाचे काही राजे पास होतात. उत्तरेच्या राज्यातल्या एकालाही निखळ चांगला शेरा नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो, या शेऱ्यांमागची मोठी तक्रार उपासनेबद्दल आहे: राजाने बआल आणि इतर देवांची पूजा केली, देवाशी झालेला करार मोडला. तो त्या समाजाचा आणि त्यांच्या देवाचा मामला आहे, त्यावर निकाल द्यायला मी बसलेलो नाही. पण वाचताना एक गोष्ट लक्षात येते. हे पुस्तक ‘देवाला सोडलं’ एवढं म्हणून थांबत नाही. सोडल्यावर तो राजा माणसांशी कसा वागला, हेही दाखवतं.

आणि दुसरी गोष्ट. त्या काळातले बाकीचे राजे काय लिहवून घ्यायचे? अश्शूरच्या राजांचे शिलालेख बघा: मी अमुक शहर जिंकलं, मी तमुक खंडणी घेतली. हरल्याचा उल्लेख सहसा नाही. ‘राजे’ हा ग्रंथ मात्र यरुशलेम जळून गेल्यावर, लोक बाबेलला नेले गेल्यावर पूर्ण झाला. म्हणजे हरलेल्या लोकांनी आपल्याच राजांबद्दल लिहिलेला आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम पूर्ण कोसळल्यानंतर लिहिलेला इन्सिडेंट रिपोर्ट. आपलं कुठे चुकलं, हे लिहिणारा. तो तसाच वाचला तर खूप काही हाती लागतं.

पहिला राजा: रहबाम, ज्याने मनासारखं उत्तर मिळेपर्यंत विचारलं

रहबाम हा शलमोनाचा मुलगा. शलमोनाने मंदिर बांधलं, राजवाडे बांधले, आणि त्यासाठी लोकांना वेठीला धरलं. तो गेल्यावर उत्तरेकडचे लोक शखेमला जमले. मागणी साधी होती: तुझ्या बापाने आमच्यावर लादलेलं ओझं थोडं हलकं कर, आम्ही तुझे आहोत.

रहबामने तीन दिवस मागितले. इथवर उत्तम. घाईत उत्तर दिलं नाही. मग त्याने बापाच्या काळातल्या वृद्ध सल्लागारांना विचारलं. ते म्हणाले, आज तू त्यांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, ते कायमचे तुझे होतील. त्याला ते पटलं नाही. म्हणून आपल्यासोबत वाढलेल्या मित्रांना विचारलं. ते म्हणाले, दाखवून दे तू बापापेक्षा भारी आहेस. बाप चाबकाने मारायचा, तू विंचवांनी मारशील असं सांग. रहबामने जाऊन अक्षरशः तेच सांगितलं.

दहा वंश उठून निघून गेले. रहबामला तरी कळलं नाही. त्याने त्यांच्याकडे कोणाला पाठवलं? वेठबिगारीवरच्या मुख्य अधिकाऱ्याला! लोकांनी त्याला दगडांनी ठार मारलं आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला.

आपण ही गोष्ट नेहमी ‘म्हाताऱ्यांचं ऐका, पोरांचं ऐकू नका’ अशी सांगतो. पण ग्रंथ पुढे रहबामचं वय देतो. गादीवर आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. म्हणजे ते ‘तरुण मित्र’ही चाळिशीच्या आसपासचे! वयाचा प्रश्नच नाही इथे. प्रश्न हा की, त्याने दुसऱ्यांदा का विचारलं? पहिलं उत्तर आवडलं नाही म्हणून. आपणही करतो की हे. चार मित्रांना मेसेज टाकतो, तीन जण ‘नको’ म्हणतात, चौथा ‘बिनधास्त कर’ म्हणतो, आणि आपण म्हणतो, मी विचारून केलं.

एक छोटा तपशील मला फार आवडतो. रहबामच्या पाचव्या वर्षी मिसरच्या राजाने चढाई केली आणि शलमोनाच्या सोन्याच्या ढाली नेल्या. रहबामने त्यांच्या जागी पितळी ढाली बनवल्या. राजा मंदिरात जायला निघाला की पहारेकरी त्या ढाली घेऊन चालायचे आणि परत आल्यावर चौकीत ठेवून द्यायचे. राज्य अर्ध्याहून जास्त गेलं, सोनं गेलं, पण मिरवणूक चालू. लांबून बघणाऱ्याला पिवळं दिसलं म्हणजे झालं.

दुसरा राजा: यहोयाकीम, ज्याने लॉग जाळला

आता तीनशे वर्षं पुढे येऊ. उत्तरेचं राज्य केव्हाच संपलंय. यहूदात यहोयाकीम राजा आहे. इ.स.पू. ६०९ मध्ये मिसरच्या फारोने त्याला गादीवर बसवलं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पुढे बाबेलची सत्ता वाढली. यिर्मया संदेष्टा वर्षानुवर्षं सांगत होता: अन्याय थांबवा, नाहीतर हे शहर राहणार नाही. यहोयाकीमवर तर त्याचा थेट आरोप होता की हा मजुरी न देता लोकांना राबवून स्वतःचा महाल बांधतोय, भिंतींना देवदार आणि लाल रंग लावतोय.

यिर्मयाला मंदिरात जायला बंदी होती. मग त्याने सगळं आपल्या लेखकाला, बारूखला, सांगितलं आणि बारूखने गुंडाळीवर लिहून काढलं. उपासाच्या दिवशी मंदिरात ते वाचलं गेलं. अधिकाऱ्यांच्या कानावर गेलं, त्यांनी स्वतः वाचून घेतलं आणि घाबरले. बारूखला म्हणाले, तू आणि यिर्मया आधी लपा, मग आम्ही राजाला सांगतो.

हिवाळा होता. राजा शेगडीजवळ बसला होता. एक माणूस गुंडाळी वाचत होता. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखणी तासायच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. पूर्ण गुंडाळी संपेपर्यंत. तिघा अधिकाऱ्यांनी विनवलं, नका जाळू. त्याने ऐकलं नाही.

बघा, त्याने न वाचता जाळलं नाही हां. ऐकत होता आणि जाळत होता. तेव्हा तो असेल २९-३० वर्षांचा. माझ्याच वयाचा. म्हणून हा राजा मला जरा जास्तच ओळखीचा वाटतो. फोनवर आलेलं नोटिफिकेशन पूर्ण वाचून मग स्वाइप करून टाकणारा.

याचा बाप योशीया. त्याच्या काळात मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडली होती. शाफान नावाच्या चिटणिसाने ती राजाला वाचून दाखवली. ऐकून योशीयाने स्वतःची वस्त्रं फाडली, म्हणजे त्या काळची दुःखाची आणि पश्चात्तापाची रीत पाळली. बापाने ऐकून कपडे फाडले, मुलाने ऐकून पुस्तकच कापलं. आणि नको म्हणणाऱ्या तिघांपैकी एक होता गमऱ्या, त्याच शाफानचा मुलगा.

पुढे काय झालं? यिर्मयाने बारूखला नवी गुंडाळी घ्यायला सांगितली आणि सगळं पुन्हा लिहवून घेतलं. ग्रंथ म्हणतो की या वेळी आणखीही मजकूर जोडला. बॅकअप तोंडपाठ होता! इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं. याची नोंद खुद्द बाबेलच्या इतिवृत्ताच्या मातीच्या पाटीवर आहे, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी शहर जाळलं गेलं.

आता ऐका. १९८२ मध्ये यरुशलेमच्या सर्वात जुन्या भागात उत्खनन चालू होतं. एका घरात ५१ मातीच्या मोहरा सापडल्या. दस्तऐवज गुंडाळून दोरी बांधायची आणि गाठीवर ओल्या मातीचा गोळा लावून शिक्का उमटवायचा, ती मोहर. शहर पेटलं तेव्हा आतले दस्तऐवज जळून गेले, पण त्याच आगीत माती भाजून पक्की झाली आणि टिकली. त्यातल्या एका मोहरेवर नाव आहे: शाफानचा मुलगा गमऱ्या. अनेक अभ्यासक मानतात की हा तोच. राजाने आगीत टाकलेले शब्द टिकले. त्याला ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव तर आगीनेच टिकवलं.

तिसरा राजा: अहाब, ज्याने काहीच विचारलं नाही

क्रम मुद्दाम उलटा घेतला. अहाब यहोयाकीमच्या अडीचशे वर्षं आधीचा, उत्तरेच्या राज्यातला. याच्यासाठीच मी एवढा वेळ बोलतोय.

अहाब दुबळा राजा नव्हता, हे आधी लक्षात घ्या. अश्शूरच्या राजाने इ.स.पू. ८५३ च्या कर्कारच्या लढाईचा शिलालेख कोरून ठेवलाय. त्यात शत्रूंच्या यादीत इस्राएलच्या अहाबच्या नावापुढे २,००० रथ आणि १०,००० सैनिक लिहिलेत. रथांच्या बाबतीत त्या आघाडीत सर्वात मोठा आकडा त्याचा. आजच्या भाषेत जबरदस्त सीव्ही.

आणि बायबल त्या लढाईबद्दल एक शब्द बोलत नाही. त्याऐवजी एक पूर्ण अध्याय खर्च करतं एका द्राक्षमळ्यावर.

इज्रेल गावात राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. अहाबला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने ऑफर दिली: बदल्यात चांगला मळा घे, किंवा रोख पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. संपलं. राजा घरी गेला, पलंगावर आडवा झाला, तोंड फिरवलं आणि जेवला नाही. दोन हजार रथांचा मालक!

राणी ईजबेल म्हणाली, ऊठ, जेव, मळा मी मिळवून देते. तिने अहाबच्या नावाने पत्रं लिहिली, अहाबचा शिक्का मारला आणि इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. पत्रात लिहिलं होतं: उपास जाहीर करा, नाबोथला सभेत पुढे बसवा, दोन माणसं उभी करा आणि त्यांना सांगायला लावा की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. मग त्याला बाहेर नेऊन दगडांनी मारा.

आजी इथे थांबल्या होत्या. म्हणाल्या, “बघ हां, नियम एकही मोडला नाही.”

खरंच नाही मोडला. मोशेच्या नियमाप्रमाणे एका साक्षीवर कोणाला मृत्यूदंड देता येत नाही, दोन तरी साक्षी लागतात. दोन होत्या. सभा झाली. धार्मिक उपासही झाला. शिक्षाही नियमातलीच. कागदावर सगळं बरोबर, आणि एक निर्दोष माणूस मेला.

ईजबेलने येऊन सांगितलं, नाबोथ मेला, जा मळा घे. अहाब उठला आणि निघाला. कसा मेला, हे विचारलं नाही. तिथे मळ्यात त्याला एलीया भेटला आणि म्हणाला, तू खून केलास आणि वर ताबाही घेतलास. पत्र राणीने लिहिलं, दगड गावाने मारले, पण आरोप त्याच्यावर. कारण शिक्का त्याचा होता.

अहाब हादरला. गोणपाट नेसला, उपास केला. ग्रंथ म्हणतो की देवाने ते बघितलं आणि घराण्यावरचं संकट पुढच्या पिढीवर ढकललं. पण मळा नाबोथच्या घरच्यांना परत दिला, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि अहाब बदलला का? थोड्याच काळाने लढाईला जायचं की नाही हे विचारायला त्याने ४०० संदेष्टे जमवले. सगळे म्हणाले, जिंकशील. एकटा मीखाया म्हणाला, हरशील. त्याच्याबद्दल अहाबची तक्रार काय होती? हा माझ्याबद्दल कधी चांगलं बोलत नाही. त्याला तुरुंगात टाकलं. अहाब वेश बदलून लढाईत गेला आणि कोणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला. डॅशबोर्डवर ४०० हिरवे दिवे आणि एक लाल. त्याने लाल दिव्याची तार कापली.

आता माझी सही

आजी बोलत होत्या आणि मी अहाबचा विचार करत नव्हतो. मी इज्रेलच्या त्या वडीलधाऱ्यांचा विचार करत होतो. ते नाबोथच्याच गावचे. त्याला लहानपणापासून ओळखत असतील. पत्र वाचलं, शिक्का बघितला आणि लिहिलं होतं तसं केलं. एकानेही परत निरोप पाठवला नाही की, हे खोटं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी तेव्हाची कंपनी, नाव राहू दे. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होता. एका नव्या मुलाने, सहा महिनेही झाले नव्हते त्याला, पेमेंटच्या कोडमध्ये बदल केला. रिव्ह्यूवर माझं नाव होतं. वरून घाई होती, मी कोड न वाचता अप्रूव्ह केला. रात्री काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले.

सोमवारी रिपोर्ट तयार होऊन आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं की त्या मुलाने ठरलेली प्रक्रिया पाळली नाही. खोटं होतं. त्याने सगळ्या पायऱ्या पाळल्या होत्या. रिव्ह्यू मागितला होता, मी दिला होता. प्रक्रिया मी मोडली होती. खाली रिव्ह्यूअर म्हणून माझ्या मंजुरीचं बटण होतं. मी दाबलं. दहा सेकंदही लागले नाहीत. दोन महिन्यांत तो मुलगा गेला. सेंडऑफला मी केक कापताना टाळ्या वाजवल्या.

मी तो रिपोर्ट लिहिला नव्हता. मला कोणी धमकी दिली नव्हती. फक्त शिक्का आला होता आणि मी गावचा वडीलधारा होतो.

मलिद्यानंतर घरी आलो आणि त्याला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी स्पष्टीकरण न देता एवढंच पाठवलं: त्या दिवशी चूक माझी होती, मला माहीत होती, तरी मी सही केली. जुन्या मॅनेजरलाही तेच ईमेल केलं. मॅनेजरचं उत्तर आलं नाही. मुलाचं दुसऱ्या दिवशी आलं: “मला माहीत होतं दादा. मला वाटायचं तुला माहीत नाही.”

हे मी मन हलकं करायला सांगत नाहीये. गोणपाट नेसून मळा परत जात नाही, हे आत्ताच बघितलं आपण. त्याची ती नोकरी गेली ती गेली. आता तो नवीन जॉब शोधतोय आणि मी त्याला लेखी रेफरन्स दिलाय, त्यात त्या शुक्रवारी काय झालं तेही लिहिलंय, माझ्या नावासकट. मळ्याचा एक कोपराच असेल तो, पण तेवढा माझ्या हातात होता.

आणि या तिघांकडून मी काय घेतलं? रहबाम मुळात विचारत होता, पण हवं ते उत्तर मिळेपर्यंत. यहोयाकीम ऐकत होता, पण ऐकलेलं जाळत होता. अहाबने विचारलंच नाही, कारण उत्तर त्याला माहीत होतं. तिघांनाही सांगणारं कोणी ना कोणी होतं. म्हातारे सल्लागार होते, गमऱ्या होता, एलीया आणि मीखाया होते. ‘देवाला सोडलं’ म्हणजे काय, हे मी माझ्यापुरतं असं समजतो: आपल्यावर कोणीतरी आहे, ज्याला हिशोब द्यायचाय, हे विसरणं. तुम्ही त्याला देव म्हणा, सत्य म्हणा, नाहीतर समोरचा माणूस म्हणा.

इज्रेलच्या त्या वडीलधाऱ्यांपैकी एकाचंही नाव ग्रंथात नाही. नाबोथचं आहे.

तर मंडळी, हेडफोन काढण्याआधी एक काम. आज-उद्या तुमच्यासमोर एखादा फॉर्म येईल, रिपोर्ट येईल, ग्रुपवर कोणाबद्दल तरी फॉरवर्ड येईल. बटण दाबायच्या आधी खाली कोणाचं नाव आहे ते बघा. आणि वरचं वाक्य खरं आहे का, तेही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.